आंघोळ घालणारे भाऊजी

वाढदिवसाच्या पार्टीत केक कापून झाला, मुलं बॅकयार्डमध्ये पळाली, की ते कागदी प्लेट हातात घेऊन एखाद्या गृहस्थाच्या शेजारी येऊन बसत आणि विचारत, "मग, तुमचं काय ठरलं?"

नवीन माणसाला वाटे, ग्रीन कार्डाबद्दल विचारतायत, नाहीतर घराबद्दल. ते मरणाबद्दल विचारत असत. गुरुजी हवेत की नकोत, धोतर की सूट, अस्थी गॅल्व्हेस्टनच्या समुद्रात चालतील की नाशिकलाच न्यायला हव्यात. उत्तर मिळालं की खिशातली छोटी वही काढून ते लिहून घेत आणि खाली समोरच्याची सही घेत. मग निवांत केक खात. बायका दुरूनच आपापल्या नवऱ्यांना खुणा करत, उठा तिथून.

सई, निषाद, तुम्ही त्यांना एकदाच भेटला आहात. तुम्ही पुण्याला राहायला गेलात त्या उन्हाळ्यात ते आपल्या घरी आले होते. चपला काढून सरळ गराजमध्ये गेले, वॉटर हीटरला कान लावला आणि तुम्हा दोघांनाही लावायला सांगितला. तू पाच वर्षांची होतीस, सई, तू म्हणालीस की आत कुणीतरी दात घासतंय. ते तुझ्यावर फार खूश झाले होते.

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी तुमच्या आजोबांवर लेख लिहावा, सगळे वाट बघतायत. आजोबा नऊ वर्षं मंडळाचे अध्यक्ष होते आणि मी अकरा वर्षं सचिव, त्यामुळे असा लेख माझ्याकडूनच यायला हवा हे ओघाने आलं. तो लेख मी लिहिणार नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. यात आजोबांविषयी जे येईल ते तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडत नाही. पण ते घडलेलं आहे, आणि तुम्ही आता बारा-चौदा वर्षांचे आहात.

आजोबांचे ते सगळ्यात जुने मित्र. दोघं एकाच वर्षी अमेरिकेत आले, लग्नाआधी दीड वर्ष ह्यूस्टनच्या एका अपार्टमेंटमध्ये राहिले, एकाच कुकरमधला भात जेवले. आमच्या साऱ्या शुगर लँड गावात एकमेकांना अरे-तुरे करणारे ते दोघंच उरले होते. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी.

भाऊजी पाइपलाइन कंपनीत इंजिनिअर होते. गंज शोधायचा, हेच त्यांचं काम. बाहेरून पाइप चकचकीत दिसतो तेव्हा आतून काय चाललंय ते ओळखायचं. कुणाच्याही घरी गेले की आधी हीटर बघत आणि बाहेर येऊन, यजमानीणबाई चहाचं विचारायच्या आत, "दोन वर्षं" किंवा "आठ महिने" असं सांगून टाकत. ते बहुधा खरं ठरे. त्यामुळे स्वतःच्या तब्येतीविषयी त्यांच्याशी कुणी बोलत नसे. अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. फ्रीवेवर सगळ्यात उजव्या लेनमधून ताशी पन्नास मैलांनी जात, आणि मागून हॉर्न वाजला की हात हलवून त्या माणसाला नमस्कार करत.

मरणाचं काम त्यांच्याकडे कसं आलं ते सांगते. मंडळातल्या एकाचे वडील भारतातून महिनाभरासाठी आले होते, ते अचानक गेले. मुलाला काहीच ठाऊक नव्हतं. फ्युनरल होमवाले विचारत होते की चेहऱ्याला मेकअप कुठल्या शेडचा करू. भाऊजींना कुणीतरी फोन केला. ते गेले, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, मेकअप नको, एक बादली कोमट पाणी द्या. तिथपासून बावीस वर्षं आमच्यातलं कुणीही गेलं की पहिला फोन त्यांना जायचा. गाडीच्या डिकीत एक निळी प्लास्टिकची पेटी असे. तिच्यात धोतर, नऊवारी, तीळ, दर्भ, गंगाजळ, तुळशीची वाळलेली पानं, एक तांब्या, दोन टॉवेल. फ्युनरल होमचा मॅनेजर डग त्यांचा मित्र झाला होता. उदबत्ती लावायची म्हणून तो दहा मिनिटं धुराचा अलार्म बंद ठेवायचा, तेही फक्त त्यांच्या शब्दावर.

आंघोळ घालताना ते त्या माणसाशी बोलत. "काका, आता डावा हात घेतो. पाणी कोमट आहे. आता जरा कुशीवर वळवतो हं." मी एकदा विचारलं, भाऊजी, कशाला बोलता? ते म्हणाले, "वहिनी, हे गेले असं डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं. यांना कुणी सांगितलंय?"

त्यांचा एकच नियम होता. ज्याचा देह त्याची इच्छा. एका नास्तिक प्राध्यापकांनी वहीत लिहून दिलं होतं, मंत्र नकोत, नाट्यगीतं लावा. ते गेल्यावर मुलाने घाबरून देवळातल्या गुरुजींना बोलावलं. भाऊजींनी पार्किंग लॉटमध्येच गुरुजींना वही दाखवली आणि अतिशय नम्रपणे परत पाठवलं. आत नाट्यगीतं लागली. गुरुजी ते विसरले नाहीत.

आता पुढचं. कंपनीतला एक म्हातारा वेल्डर हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटचे दिवस काढायच्या इस्पितळात होता. त्याची नजर गेली होती आणि जवळचं कुणी नव्हतं. भाऊजी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, उशाशी माझं पुस्तक आहे, जरा वाचून दाखव. ते त्याचं धर्माचं पुस्तक होतं. भाऊजींनी चार महिने, रोज ऑफिस सुटल्यावर, त्याला ते वाचून दाखवलं. तो गेला. त्यानंतर वर्षभराने त्यांनी आम्हाला सांगितलं की मी येशूला मानतो, आणि बाप्तिस्मा घेणार आहे.

मी त्यांना एकदाच विचारलं, का. ते म्हणाले, "वाचत त्याच्यासाठी होतो, वहिनी. ऐकत मी होतो." मग म्हणाले, "त्या पुस्तकात एक जागा आहे. दुसऱ्या दिवशी आपल्याला मारणार हे गुरूला माहीत आहे, आणि तो कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. मी वीस वर्षं मेलेल्यांना धुतोय. हा जिवंतांना धूत होता. मला ती जागा ओलांडून पुढे जाता येईना."

मला तेव्हा ते पुरतं समजलं नाही, आजही समजलं असं म्हणणार नाही. मी रोज पूजा करते, करत राहीन. पण ते मला समजायलाच हवं होतं असं कुठे आहे? माणूस शहाणा होता, साठी उलटलेला होता, कुणाचं काही मागत नव्हता.

मंडळात तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं ब्रेन ट्यूमर असणार. कुणी म्हणालं चर्चवाल्यांनी काहीतरी दिलं असेल. काय दिलं असेल हे मात्र कुणाला सांगता येईना, आणि म्हणून ते जास्तच खरं वाटू लागलं. त्यांची बायको शैला मला म्हणाली, "चाळीस वर्षांत यांनी वॉटर हीटर सोडून कशावर विश्वास ठेवला नव्हता. आता ठेवतायत तर ठेवू देत की." तिचं देवघर होतं तिथेच राहिलं. ते पूर्वीसारखेच रोज सकाळी कुंपणाजवळची जास्वंद तोडून तिच्या पूजेच्या तबकात ठेवत आणि मग आपल्या प्रार्थनेला बसत. त्या घरात या गोष्टीवरून एक भांडं आपटलं नाही. आपटाआपट बाहेरच्यांनी केली.

चर्चवाल्यांनीही काही कमी केलं नाही, ते लिहायलाच हवं. तिथल्या पाद्रींनी सांगितलं, बाप्तिस्मा हवा तर हिंदूंच्या अंत्यविधीला हात लावणं थांबवा. भाऊजी म्हणाले, ते थांबणार नाही. पाद्रींनी त्यांना सहा महिने ताटकळत ठेवलं. शेवटी बाप्तिस्मा दिला, पण कुठलं काम दिलं नाही. रविवारी मागच्या बाकावर बसायचं आणि घरी जायचं. ज्याने पाय धुणाऱ्या गुरूसाठी सगळं सोडलं त्याला हे म्हणत होते, तू धुणं सोड.

त्यांचा मुलगा क्युपर्टिनोला असतो. त्याने सांगितलं, तुम्ही हे केलंत तर मी मुलींना काय सांगू? मुली तेव्हा सहा आणि आठ वर्षांच्या होत्या. दर थँक्सगिव्हिंगला यायच्या, त्यानंतर आल्या नाहीत. भाऊजींनी त्यांच्यासाठी गराजमध्ये पाइपचे तुकडे जोडून एक झोपाळा केला होता. तो अजून तिथे आहे. गंज चढलेला नाही, ते दर महिन्याला बघतात.

शैलालाही हळूहळू बोलावणी येईनाशी झाली. श्रावणातल्या मंगळागौरीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी मी केली नव्हती. पण पाहिली होती.

आणि मग ती मीटिंग.

आपला गणपती दरवर्षी ज्या हॉलमध्ये बसतो तो एका चर्चचा हॉल आहे हे तुम्हाला माहीत नसेल. पार्किंग मोठं आणि किचन चांगलं म्हणून मंडळाने तो घेतला. भिंतीवर लाकडी क्रॉस आहे, उत्सवाच्या वेळी त्यावर मखराचा पडदा येतो. कार्यकारिणीच्या मीटिंगलाही आम्ही तोच हॉल वापरतो, तेव्हा पडदा नसतो. तर त्या रविवारी त्या क्रॉसखाली, घडीच्या खुर्च्यांवर, आम्ही नऊजण बसलो. नऊपैकी सहाजण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. माझं इंग्रजी नागपूरच्या नन्सनी घडवलं, तुमच्या आजोबांचं मुंबईच्या पाद्रींनी. तुमची आई ज्या इस्पितळात जन्मली त्याला एका ख्रिस्ती संताचं नाव आहे. यातलं काहीही कुणाला खटकत नव्हतं. खटकत होता एक माणूस, जो आमची प्रेतं धूत होता.

गुरुजींचा निरोप होता की धर्म सोडलेल्याचा हात देहाला लागणार असेल तर मी मंत्र म्हणणार नाही. आजोबा म्हणाले, "व्यक्तिशः माझा त्याच्यावर राग नाही. पण लोकांना हे चालणार नाही." मी सचिव म्हणून लिहीत होते. लोक म्हणजे कोण, हे मी विचारायला हवं होतं, कारण सगळे लोक त्या नऊ खुर्च्यांवरच बसले होते. मी विचारलं नाही. आठ हात वर झाले. मी हात वर केला नव्हता, माझ्या हातात पेन होतं. इतिवृत्तात मी लिहिलं, "अंत्यविधी साहाय्याचं काम यापुढे त्यांच्याकडे राहणार नाही असं सर्वानुमते ठरलं." सर्वानुमते. सुवाच्य अक्षरात. ईमेलही मीच पाठवली.

त्यांचं उत्तर तासाभरात आलं. पेटीतल्या सामानाची यादी, डगचा फोन नंबर, अलार्म कुणाला सांगून बंद करायचा ते, आणि पेटी न्यायला कोण येईल अशी विचारणा. कुणी गेलं नाही. मंडळाने नवी पेटी घेतली आणि तिच्यात टॉवेल ठेवायला विसरलं.

चौदा महिन्यांनी शैला गेली. पोटाचा कॅन्सर होता, सगळ्यांना वेळ मिळाला होता. तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. हिरवी नऊवारी. मंत्र सगळे, एकही न गाळता. आंघोळ यांनीच घालायची. हे तिने मला तोंडानेही सांगितलं होतं. "दुसऱ्या कुणाची मला लाज वाटेल गं," असं म्हणाली होती.

ऑगस्टची सकाळ होती. शुगर लँडच्या ऑगस्टमध्ये सकाळी नऊलाच पार्किंग लॉटचं डांबर मऊ होतं. गुरुजी फ्युनरल होमवर आले, पण गाडीतून उतरेनात. एसी चालू ठेवून काच दोन बोटं खाली करून त्यांनी तुमच्या आजोबांना अट सांगितली. ती माझ्याकडून वदवून घ्यायचा आजोबांचा विचार होता, मी नाही म्हटलं, तेवढं एक मी केलं. मग ते स्वतः गाडीपासून दारापर्यंत आणि दारापासून गाडीपर्यंत हेलपाटे घालत राहिले. दरवाजात भाऊजी उभे होते, बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर घरून आणलेला टॉवेल. शेजारी क्युपर्टिनोहून आलेला मुलगा.

डगला हा सगळा प्रकार कळेना. तो सरळ भाऊजींपाशी आला आणि म्हणाला, ती तुझी बायको आहे, टेक्सासमध्ये सही तुझी चालते. तू सांग, मी या सगळ्यांना बिल्डिंगबाहेर काढतो.

मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "डॅड, प्लीज. डोंट मेक अ सीन."

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तुमच्या आजोबांना विचारलं, "मी हात लावला तर मंत्र नाहीत?"

"नाहीत."

"आणि मी बाहेर थांबलो तर सगळे होतील? एकही न गाळता?"

"सगळे. मी शब्द देतो."

त्यांनी चष्मा काढला, टॉवेलच्या टोकाने पुसला, परत घातला. "मग मी बाहेर थांबतो," म्हणाले, आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

आम्ही तीन बायका आत गेलो. तिघींपैकी कुणालाही हे काम येत नव्हतं. आम्ही नळ सोडला, तांब्या भरला. जे बोललो ते पिना कुठे आहेत आणि पदर कुठल्या खांद्यावर, एवढंच. शैलाशी कुणीच बोललं नाही. तेवढ्यात दारावर एक टकटक झाली आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, "वहिनी, पाणी कोमट करा. तिला गार सोसत नाही." नळाच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. बावीस वर्षं त्या खोलीत काढली होती त्यांनी. मी पाणी बदललं.

मंत्र सुरू झाले. भाऊजी कॉरिडॉरमध्ये काचेपलीकडे उभे. त्यांना सगळं पाठ होतं, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. जो देव त्यांनी धरला त्याचे ते शब्द नव्हते, पण बायकोला हवे होते म्हणून ते मनातल्या मनात ताळा करत होते. मध्येच त्यांचे ओठ थांबले. गुरुजी एकदम पुढच्या पानावर गेले होते. मग आणखी पुढे. पाऊण तासाचा विधी अठरा मिनिटांत संपला, कारण गुरुजींना अकरा वाजता केटी गावात एका डॉक्टरांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पोचायचं होतं. दहनाच्या भट्टीचं बटण मुलाने दाबलं.

पार्किंगमध्ये भाऊजी आजोबांपाशी आले. एवढंच म्हणाले, "अरे, निम्मे राहिले."

तुमच्या आजोबांनी खिशातून किल्ली काढली, गाडी अनलॉक केली आणि मला म्हणाले, चल, ऊन फार आहे.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर पुष्कळदा रागावले. त्या दिवशी गाडीत बसले तेव्हा जे झालं त्याला राग म्हणतात की दुसरं काही, मला माहीत नाही. मी घरी येऊन स्वयंपाक केला. वाढला. सचिवपदाचा राजीनामा देईन म्हणाले तर ते म्हणाले, आत्ता नको, लोक अर्थ काढतील. मी नाही दिला. गणपतीच्या आरतीचं वेळापत्रक त्याही वर्षी मीच टाइप केलं.

दोन वर्षांनी आजोबांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, माझ्या वेळी त्याचा हात नको. त्यांनी नाव घेतलं नाही. मी मान हलवली. त्या मानेला काही अर्थ नव्हता, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

ते गेले त्या सकाळी तुमची आई विमानात होती. आंघोळ घालायला मंडळातले दोघं तयारच होते. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि भाऊजींना फोन केला. उजव्या लेनमधून येऊनही ते पाऊण तासात पोचले. फ्युनरल होमच्या कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याने काय सांगितलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. तुमची आजी खोटं बोलत नाही असं तुम्हाला वाटत असेल.

"वहिनी, परवा त्याचा मला हॉस्पिटलमधून फोन आला होता. दोन वर्षांतला पहिला. म्हणाला, माझ्या वेळी तू येऊ नकोस."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही बोलावलंत."

आणि मग मी त्या कॉरिडॉरमध्ये, मंडळातल्या दोघांसमोर, डगसमोर, आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, शैलाची इच्छा कुणी पाळली? यांनी शब्द दिला होता तुम्हाला. तुमच्या बायकोचे निम्मे मंत्र वास्तुशांतीला गेले. तुम्हाला दाराबाहेर उभं केलं, तुमच्या नाती तुमच्यापासून तोडल्या, आणि तुम्ही यांची इच्छा पाळायला निघालात?

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला त्यांचाही संताप आला. अजून आहे. त्यांच्या हातांनी मला मंडळाच्या थोबाडीत द्यायची होती, आणि त्यांनी ते हात मला वापरू दिले नाहीत. ते माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले. आत त्या दोघांनी रबरी हातमोजे घालून वीस मिनिटांत आजोबांची आंघोळ उरकली. त्यांतल्या एकाला ऑफिसचा कॉल आला, तो त्याने घेतला. सर्व्हर कुठला रीस्टार्ट करायचा ते आम्हाला बाहेर ऐकू आलं. मंत्र मात्र पूर्ण झाले. अध्यक्षांचे होते.

मंडळातले लोक आजही कुणी गेलं की भाऊजींना गुपचूप फोन करतात. तीळ किती, दर्भ कुठे मिळेल, पाय कुठल्या दिशेला. ते सगळं सांगतात, हळू बोलतात, लिहून घ्या म्हणतात. फोन ठेवल्यावर तेच लोक सांगतात की आपल्यात आता त्यांचं येणंजाणं नाही. मुलगा वर्षातून एकदा ईमेल करतो. चर्चमध्ये ते अजून मागच्या बाकावर बसतात. मी एकदा विचारलं, भाऊजी, जे धरलंत त्याने तुम्हाला दिलं काय? ते म्हणाले, "दिलं काय ते नाही सांगता येणार. पण सोडता येत नाही, वहिनी." मी म्हटलं, सोडलं असतंत तर शैलाला तुम्ही आंघोळ घातली असती. "हो," म्हणाले. "ते मला रोज माहीत असतं."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले आणि माझं काय ठरलं ते सांगितलं. ते वही काढेनात. विचारलं, "रागाने सांगताय की मनापासून?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, रागातलं मी लिहून घेत नाही, चार आठवड्यांनी या. चार आठवड्यांनी गेले. राग तेवढाच होता. त्यांनी लिहून घेतलं.

तुमच्या आईला मी हे वेगळं कळवलं आहे, वकिलांकडेही कागद दिला आहे. पण मोठी माणसं ऐन वेळी लोक काय म्हणतील याचा विचार करतात, मीही केला, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. माझी आंघोळ भाऊजी घालतील. ते माझ्याआधी गेले, तर सई, तू घालायचीस, ते तुला फोनवर शिकवायला आत्ताच तयार आहेत. कुणी म्हणेल बाईने करू नये, पोरीने करू नये. म्हणू देत. गुरुजी अट घालतील. त्यांना गाडीतून उतरू नका म्हणावं. मंत्र मला आवडतात, लहानपणापासून ऐकलेत, पण एका माणसाला दाराबाहेर उभं करून मिळणार असतील तर नकोत.